कॅमेऱ्यासाठी दुसऱ्या कंपनीची बॅटरी : निवड, चाचणी आणि खानदेशच्या उन्हातला सांभाळ

कॅमेऱ्याची बॅटरी मागितली की आमच्याकडचा दुकानदार आधी एकच प्रश्न विचारतो, "कंपनीची देऊ की लोकल?" प्रश्न सोपा वाटतो, पण तो अपुरा आहे, कारण काउंटरच्या मागे प्रत्यक्षात तीन प्रकारचा माल असतो. पहिला प्रकार म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची मूळ बॅटरी. दुसरा प्रकार म्हणजे नीवर, स्मॉलरिग, डिजिटेक यांसारख्या कंपन्या स्वतःच्या नावाने, "अमुक मॉडेलला चालणारी" असे स्पष्ट लिहून विकतात ती बॅटरी. तिसरा प्रकार म्हणजे मूळ कंपनीचे नाव आणि चिन्ह छापून विकलेला बनावट माल, ज्याला बाजारात "फर्स्ट कॉपी" असे गोंडस नाव आहे. "लोकल" या एका शब्दात दुसरा आणि तिसरा प्रकार एकाच टोपलीत पडतात आणि तिथेच ग्राहक फसतो. स्वतःचे नाव छापणाऱ्या कंपनीला निदान ते नाव सांभाळायचे असते. दुसऱ्याचे नाव छापणाऱ्याला काहीच सांभाळायचे नसते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मी लग्नांची छायाचित्रे काढतो आणि हिवाळ्यात सवड मिळाली की हतनूरच्या जलाशयावर पक्षी टिपायला जातो. दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या मी बारा वर्षे वापरतो आहे आणि पुढेही वापरणार आहे. मात्र माझ्या बॅगेत येणारी प्रत्येक बॅटरी आधी वजनकाट्यावर, मग मल्टिमीटरवर आणि शेवटी घड्याळासमोर तपासली जाते आणि तिचा हिशेब वहीत राहतो. ती पद्धत येथे क्रमाने देत आहे.

आधी गरज मोजावी

बॅटऱ्या किती हव्यात हे ठरवल्याशिवाय कोणत्या घ्याव्यात हे ठरवता येत नाही. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात एका चार्जमध्ये मिळणाऱ्या छायाचित्रांचा आकडा असतो. तो सिपा या जपानी संघटनेच्या ठरीव चाचणीनुसार काढलेला असल्यामुळे दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला तो उत्तम आहे. निकॉन डी७५० चा हा आकडा १२३० आहे, कॅनन ५डी मार्क ४ चा ९०० आहे, तर कॅनन ईओएस आर या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याचा केवळ ३७० आहे. मिररलेसमध्ये संवेदक (सेन्सर) आणि पडदा सतत चालू असतात, त्यामुळे आरशाच्या कॅमेऱ्यावरून मिररलेसवर आलेल्या माणसाला बॅटरी निम्म्यावर आल्यासारखी वाटते. बॅटरीत दोष नसतो, खर्च वाढलेला असतो. सलग चित्रे काढताना आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त चित्रे मिळतात आणि व्हिडिओ काढताना बॅटरी भराभर उतरते, म्हणून या आकड्याचा उपयोग तुलनेपुरताच करावा.

आमच्याकडचे लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत दीड दिवस चालते. आरशाच्या कॅमेऱ्याला मला तीन बॅटऱ्या पुरत. आता एका मिररलेसला सहा लागतात. सहाही मूळ घ्यायच्या म्हटल्या तर एका चांगल्या लेन्सच्या हप्त्याइतकी रक्कम त्यात जाते, कारण मूळ बॅटरीच्या किमतीत दुसऱ्या कंपनीच्या दोन-तीन सहज येतात. माझा हिशेब असा आहे : प्रत्येक कॅमेऱ्यामागे किमान एक, शक्य तर दोन मूळ बॅटऱ्या आणि बाकी सर्व दुसऱ्या कंपनीच्या. एकही मूळ बॅटरी जवळ नसणे मात्र परवडत नाही. त्याचे कारण फर्मवेअरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, संदर्भात पुढे येईल.

लेबल वाचावे, मग वजन करावे

बॅटरीवर मिलीअँपिअर-तास, म्हणजे बोलीभाषेतला एमएएच, ठळक छापलेला असतो आणि व्होल्ट बारीक. तुलना मात्र वॅट-तासांची, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या एकूण ऊर्जेची, करावी. हा आकडा काढणे सोपे आहे : एमएएचला १००० ने भागावे आणि व्होल्टने गुणावे. कॅननची एलपी-ई६एन १८६५ एमएएच आणि ७.२ व्होल्टची आहे, म्हणजे सुमारे १३.४ वॅट-तास. तिच्यानंतरची एलपी-ई६एनएच २१३० एमएएचची, म्हणजे सुमारे १५.३ वॅट-तास. सोनीची एनपी-एफझेड१०० ही २२८० एमएएच आणि ७.२ व्होल्टची, म्हणजे १६.४ वॅट-तास. निकॉनची ईएन-ईएल१५सी हीदेखील २२८० एमएएचची आहे, परंतु ७ व्होल्टची असल्यामुळे ती १६ वॅट-तासांच्या आसपास येते. हे आकडे एकदा लक्षात राहिले की त्याच आकाराच्या डबीवर "२६५०" किंवा "३०००" छापलेले दिसताच माणूस सावध होतो. ठरावीक आकारात किती ऊर्जा मावते याला मर्यादा आहे आणि मूळ कंपनीला जे साधले नाही ते चौथ्या हिश्शाच्या किमतीत कोणी साधले असेल, यावर मी विश्वास ठेवत नाही. गंमत अशी की प्रामाणिक कंपन्यांचे आकडे सहसा मूळ बॅटरीच्या आसपासच असतात. छापील आकडा जितका मोठा तितका माझा संशय मोठा.

आकडा छापायला शाई पुरते, वजन आणायला मात्र आत काहीतरी भरावे लागते. म्हणून दुसरी परीक्षा काट्यावर होते. जळगाव सोन्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असल्यामुळे अचूक काट्याची इथे वानवा नाही. एकदा मी ओळखीच्या सराफाच्या पेढीवर तीन बॅटऱ्या घेऊन गेलो. मूळ एलपी-ई६एन ७९ ग्रॅम भरली. चांगल्या नावाची दुसऱ्या कंपनीची बॅटरी ७६ ग्रॅम भरली. "२६५०" असा आकडा मिरवणारी तिसरी बॅटरी काट्यावर ठेवली तेव्हा आकडा ५८ वर येऊन थांबला. सराफाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अगदी धंद्याच्या सवयीने म्हणाला, "भाऊ, यात घट फार दिसते." त्याला बॅटरीतले काही कळत नव्हते, तरी निदान बरोबर होते. घरी किराण्याचा डिजिटल काटा असेल तर तोही चालतो, कारण आपल्याला दोन-तीन ग्रॅमचा फरक शोधायचा नसून पंधरा-वीस ग्रॅमची चोरी शोधायची असते. वजन भरले म्हणजे बॅटरी चांगली असे मात्र ठरत नाही. वजन कमी भरले तर ती नक्की हलकी आहे, एवढेच ठरते.

लेबलावर आणखी एक गोष्ट पाहावी. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. त्यामुळे बॅटरीवर ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि "आर" अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक ब्यूरोच्या "बीआयएस केअर" या मोबाइल ॲपमध्ये टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानात उभे राहूनच हे करावे. दोन मिनिटे लागतात. क्रमांक मोबाइलच्या चार्जरचा निघाला किंवा भलत्याच उत्पादकाचा निघाला, तर बॅटरी परत काउंटरवर ठेवावी. वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असणे कायद्याने आवश्यक आहे. निर्मितीची तारीख दोन-अडीच वर्षांपूर्वीची असेल तर मी ती बॅटरी घेत नाही. दुकानाच्या वरच्या फळीवर, पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेली बॅटरी न वापरताच म्हातारी झालेली असते.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बॅटरीचे मॉडेल लिहून घ्यावे. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, परंतु बिल नसेल तर तिथेही बोलणे लंगडे पडते.

पहिला चार्ज आणि मल्टिमीटर

बॅटरी घरी आणल्यावर आधी ती कॅमेऱ्याच्या कप्प्यात हलकेच सरकवून पाहावी. ती स्वतःच्या वजनाने आत गेली पाहिजे आणि खटका सोडल्यावर स्प्रिंगने बाहेर उचलली गेली पाहिजे. नवी असतानाच दाबून बसवावी लागत असेल, तर उन्हात थोडी जरी फुगली तरी ती कप्प्यात अडकेल. अशी बॅटरी त्याच दिवशी बदलून घ्यावी.

पुढचे समजण्यासाठी आतली रचना थोडी माहीत हवी. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांच्या बॅटरीत दोन लिथियम-आयन घट (सेल) एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी ८.४ व्होल्ट दाखवते, लेबलावरचे ७.२ किंवा ७.४ हे सरासरी मूल्य असते. चार्जरला दिसते ती दोन्ही घटांची बेरीज. दोन्ही घट सारखे असतील तर बेरीज पुरेशी आहे. पण स्वस्त बॅटरीत दोन वेगवेगळ्या दर्जाचे घट जोडलेले असतात आणि मग एक घट ४.३ वर, दुसरा ४.१ वर असतानाही बेरीज ८.४ च येते. चार्जर समाधानाने हिरवा दिवा लावतो आणि पहिला घट आतल्या आत वायू धरून फुगू लागतो. हे थांबवण्यासाठी बॅटरीत एक छोटी संरक्षक पट्टी बसवलेली असते, जी अतिचार्ज, अतिउतार आणि शॉर्टसर्किट झाल्यास प्रवाह तोडते. किमतीत काटछाट करायची झाली तर पहिली कात्री या पट्टीवर आणि घटांच्या जुळणीवर चालते. बाहेरून दोन्ही दिसत नाहीत. म्हणून मोजावे लागते.

पहिल्यांदा चार्ज करताना बॅटरी डोळ्यांसमोर ठेवावी, रात्रभर लावून झोपू नये. दर अर्ध्या तासाने हात लावून पाहावे. कोमट होणे स्वाभाविक आहे, परंतु चटका बसण्याइतकी तापली तर चार्ज थांबवावा आणि ती परत करावी. चार्ज पूर्ण झाल्यावर अर्धा तास विसावू द्यावी आणि मग मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून धन आणि ऋण पट्ट्यांवर टोके टेकवावीत. दोन्ही टोके एकमेकांना किंवा शेजारच्या पट्टीला लागणार नाहीत याची काळजी घ्यावी. घाई असेल त्या दिवशी हे काम करूच नये. आकडा ८.२ ते ८.४ च्या दरम्यान आला पाहिजे. ८.४ च्या वर स्पष्टपणे जात असेल तर चार्जर बिघडलेला आहे आणि ८ च्या खाली राहत असेल तर बॅटरीत खोट आहे. त्यानंतर बॅटरी आठवडाभर कपाटात ठेवावी आणि पुन्हा मोजावी. चांगल्या बॅटरीचा आकडा किंचितच खाली येतो. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त उतरला असेल तर आत कुठेतरी गळती आहे आणि ही बॅटरी लग्नात नेण्याच्या लायकीची नाही.

चार्जरविषयी एक सूचना. दुसऱ्या कंपनीची बॅटरी मूळ चार्जरवर लावल्यावर दिवा झपाझप लुकलुकू लागला, तर चार्जरने ती ओळखलेली नाही असे समजावे आणि हट्टाने लावून ठेवू नये. तिच्यासोबत मिळणाऱ्या यूएसबी चार्जरवर ती बहुधा चालते. असे दोन खाचांचे चार्जर सोयीचे असतात, परंतु त्यांना ५ व्होल्ट आणि २ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. जुन्या मोबाइलच्या १ अँपिअरच्या अडॅप्टरवर दोन बॅटऱ्या लावल्या तर पहाटेपर्यंत त्या भरत नाहीत आणि दोष उगाच बॅटरीला दिला जातो. कॅमेऱ्यातच यूएसबी केबल लावून चार्ज करण्याची सोय असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीला ती मिळेलच असे धरू नये. निकॉनच्या झेड मालिकेत मूळ ईएन-ईएल१५ आणि १५ए सुद्धा अशा रीतीने चार्ज होत नाहीत, फक्त १५बी आणि त्यापुढच्या होतात.

घड्याळासमोरची चाचणी

खरी क्षमता कळण्यासाठी मी सगळ्यात साधी रीत वापरतो. ओळखीची, चांगल्या स्थितीतली मूळ बॅटरी पूर्ण चार्ज करून कॅमेऱ्यात घालतो, कॅमेरा तिपाईवर ठेवतो, वायफाय बंद करतो, पडद्याचा उजेड मधोमध ठेवतो, फोकस हाताने लावतो आणि व्हिडिओ सुरू करतो. अनेक कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांनी चित्रीकरण आपोआप थांबते, तेव्हा लगेच पुन्हा सुरू करायचे. कॅमेरा बंद पडला की वेळ लिहायची. कॅमेरा पूर्ण थंड झाल्यावर, त्याच खोलीत, त्याच मांडणीत दुसरी बॅटरी लावायची. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे : मूळ बॅटरी १ तास ५२ मिनिटे, नवी बॅटरी १ तास ३१ मिनिटे. म्हणजे ११२ मिनिटांच्या तुलनेत ९१ मिनिटे, साधारण ८१ टक्के. नवी बॅटरी मूळ बॅटरीच्या ८० टक्क्यांच्या पुढे असेल तर मी ती ठेवतो, ७० ते ८० मध्ये असेल तर किंमत पाहून ठरवतो आणि ७० च्या खाली असेल तर परत करतो. ही चाचणी मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली करू नये. कॅमेराच तापून बंद पडतो आणि बॅटरीवर नाहक आळ येतो. पहाटे किंवा कूलरच्या खोलीत करावी.

चाचणी करताना आणखी एक निरीक्षण करावे : शिल्लक दाखवणारे चिन्ह कसे उतरते. काही बॅटऱ्या शंभरावरून चाळीसपर्यंत शहाण्यासारख्या उतरतात आणि मग एका झटक्यात कॅमेरा बंद पडतो. क्षमता कमी असणे चालते, खोटे बोलणे चालत नाही. ज्या बॅटरीचे चिन्ह असे दगा देते, तिच्यावर मी लाल टिकली लावतो आणि ती फक्त स्टुडिओत वापरतो.

प्रत्येक बॅटरीवर अमिट पेनाने क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहावा. वहीत क्रमांक, पहिल्या चाचणीची मिनिटे आणि दर सहा महिन्यांनी केलेल्या चाचणीची मिनिटे एवढेच रकाने पुरतात. सारख्या दिसणाऱ्या सहा बॅटऱ्यांत एक आजारी असते तेव्हा क्रमांकाशिवाय ती सापडत नाही आणि मग सगळ्याच बदलाव्याशा वाटतात.

कॅमेरा काय सांगतो

बॅटरीच्या धन आणि ऋण पट्ट्यांखेरीज ज्या एक-दोन पट्ट्या असतात, त्यांतून तापमानाची आणि ओळखीची माहिती कॅमेऱ्याकडे जाते. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत मूळ बॅटरी लावल्यावर शिल्लक टक्केवारी, त्या चार्जवर काढलेली चित्रे आणि पुन्हा चार्ज घेण्याची क्षमता तीन चौकोनांत दिसते. तिन्ही हिरवे असणे उत्तम, एकच लाल उरला तर नवी बॅटरी घ्यावी. निकॉनच्या अनेक मॉडेलांत बॅटरीचे वय ० ते ४ अशा आकड्यात दिसते, ज्यात ४ म्हणजे निवृत्तीची वेळ. दुसऱ्या कंपनीने ही संभाषणाची भाषा उलगडून आपली चिप बनवलेली असते. ती कधी बरोबर बोलते, कधी तोतरी. कॅननचे नवे कॅमेरे अशा वेळी बॅटरीवर कॅननचे चिन्ह आहे का, असे पडद्यावर विचारतात. आपण पुढे जायचे ठरवल्यास बहुधा कॅमेरा चालतो, शिल्लक टक्केवारी मात्र मिळत नाही.

ही भाषा उलगडलेली असते म्हणूनच कंपनीने शब्द बदलले की बॅटरी मुकी होते. २०१३ मध्ये निकॉनने ईएन-ईएल१४ए बॅटरीची शिल्लक नीट दाखवण्यासाठी डी३२००, डी५२०० यांसारख्या कॅमेऱ्यांचे फर्मवेअर अद्ययावत केले आणि तोपर्यंत बिनतक्रार चालणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या अनेक बॅटऱ्या त्या कॅमेऱ्यांनी नाकारल्या. यातून दोन नियम निघतात. लग्नसराईच्या तोंडावर फर्मवेअरला हात लावू नये; हंगाम संपल्यावर लावावा आणि सर्व बॅटऱ्या पुन्हा तपासाव्यात. आणि फर्मवेअर भरताना, तसेच आरसा वर करून संवेदक स्वच्छ करताना, पूर्ण चार्ज केलेली मूळ बॅटरीच वापरावी. अर्ध्यावर वीज गेली तर पहिल्या कामात कॅमेरा निकामी होऊ शकतो आणि दुसऱ्या कामात शटरचा पडदा ब्रशवर मिटतो.

दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीमुळे झालेले नुकसान वॉरंटीत भरून दिले जात नाही, हे कॅमेरा कंपन्या माहितीपुस्तिकेत लिहूनच ठेवतात. कॅमेरा दुरुस्तीला देताना त्यात मूळ बॅटरी घालून द्यावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तर बॅटरी काढूनच देतो.

मंडपातली शिस्त

चांगल्या बॅटऱ्याही चुकीच्या क्रमाने वापरल्या तर ऐन वेळी धोका देतात. हळद, वऱ्हाडाचे आगमन, पंगती यांना मी दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या लावतो. अंतरपाट धरायच्या आधी, गुरुजी अक्षता वाटायला सांगतात तेव्हा, कॅमेऱ्यातली बॅटरी कितीही शिल्लक असली तरी ती काढून पूर्ण भरलेली मूळ बॅटरी घालतो. मंगलाष्टके संपल्यावर पहिली पुन्हा आत जाते. व्हिडिओ चालू असताना बॅटरी अचानक मेली तर फाइल नीट बंद होत नाही आणि ते चित्रीकरण उघडत नाही, म्हणून व्हिडिओच्या वेळी बॅटरी चाळीस टक्क्यांवरच बदलावी. वापरलेली आणि भरलेली यांची गल्लत टाळण्यासाठी साधी खूण ठेवावी : भरलेलीचे प्लॅस्टिकचे टोपण एका दिशेने, वापरलेलीचे उलट्या दिशेने. कॅमेऱ्याखाली जोडायच्या बॅटरी ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या लागत असतील तर दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या असाव्यात.

खेड्यात चार्जिंगची जागा ही वेगळीच कसोटी असते. मंडपातल्या विजेवर डीजे, हॅलोजन आणि कूलर एकाच वेळी चालतात आणि जनरेटर सुरू-बंद होताना दाब हिसके घेतो. चार्जर १०० ते २४० व्होल्ट पेलतो असे लिहिलेले असले तरी झटके पेलण्याची हमी त्यात नसते. म्हणून मी मोठ्या पॉवर बँकेवरून यूएसबी चार्जर चालवतो आणि पॉवर बँक घरूनच भरून नेतो.

उन्हाळा

खानदेशात राहून बॅटरीविषयी लिहायचे आणि उन्हाविषयी गप्प बसायचे, हे शक्य नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. उष्णतेने बॅटरी त्या दिवशी कमी चालते असे नाही. उलट ती जोमाने चालते. नुकसान कायमचे आणि हळूहळू होते. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत पडून राहिली की आतली रसायने झिजतात, क्षमता कायमची घटते आणि वायू तयार होतो. उन्हात लावलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. दुचाकीच्या डिक्कीत तर खाली इंजिनाची धग असते. सेवा केंद्राच्या काचेआड बसून लिहिलेले सल्ले ही डिक्की विसरतात.

म्हणून उन्हाळ्यात बॅटऱ्यांची पिशवी अंगावर किंवा सावलीत असावी. मी जाड थर्मास डबा वापरतो, ज्याच्या तळाशी ओले फडके नसून कोरडे, सकाळीच गार झालेले कापड असते. बर्फाची पिशवी ठेवू नये, दव धरते आणि पट्ट्यांवर ओल येते. कॅमेऱ्यातून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर लावू नये; अर्धा तास सावलीत निवू द्यावी. चार्जर फरशीवर उघडा ठेवावा, गादीवर किंवा बॅगेत नाही. हे सगळे मूळ बॅटरीलाही लागू आहे, परंतु दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीत चुकीला जागा कमी असते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी चोपड्याकडच्या एका लग्नात माझ्या मदतनिसाने कॅमेरा माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी निंघीच नही ऱ्हायनी." खटका सोडला तरी बॅटरी जागची हलत नव्हती. ती तीन वर्षांची, वहीत ६० टक्क्यांवर उतरलेली आणि मी आळसाने बॅगेत राहू दिलेली बॅटरी होती. आदल्या दुपारभर ती गाडीत होती. असे झाल्यास पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा बंद करावा आणि सावलीत ठेवावा. स्क्रू ड्रायव्हर, सुरी, चिमटा यांपैकी काहीही आत घालू नये. आवरण फाटले आणि घटाला भोक पडले तर तो पेट घेतो. आम्ही तासभर थांबलो. फुगवटा थोडा ओसरल्यावर बॅटरीच्या दिसणाऱ्या टोकावर रुंद चिकटपट्टी दाबून बसवली, तिचे दोन पदर एकमेकांना चिकटवून शेपटासारखे धरले, कॅमेऱ्याचा कप्पा जमिनीकडे केला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने हलके टिचके मारत ते शेपूट सरळ ओढले. बॅटरी कणाकणाने बाहेर आली. तिची सपाट बाजू पोळीसारखी टरारली होती. ती आम्ही घरापासून दूर, विहिरीच्या काठच्या वाळूत ठेवली. पट्टीने निघाली नसती तर कॅमेरा सेवा केंद्रात नेण्यावाचून इलाज नव्हता.

फुगलेली बॅटरी दाबून सपाट करू नये, पुन्हा चार्ज करू नये आणि "अजून चालते" म्हणून कोणाला देऊ नये. बॅटरीतून गोडसर उग्र वास, फुसफुस किंवा धूर आला तर ती हातात न घेता लोकांना दूर करावे आणि १०१ वर फोन करावा.

ठेवण, प्रवास आणि शेवट

हंगाम संपल्यावर बॅटऱ्या निम्म्या भरलेल्या अवस्थेत, कॅमेऱ्याबाहेर, टोपण लावून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवाव्यात आणि तीन महिन्यांतून एकदा थोड्या भराव्यात. पूर्ण रिकामी बॅटरी पावसाळाभर पडून राहिली तर ती इतकी उतरते की चार्जर तिला स्वीकारत नाही. मल्टिमीटरवर आकडा ५ च्या खाली असेल तर तिला जागवण्याचे प्रयोग करू नयेत. पट्ट्या मळल्या असतील तर कोरड्या सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसाव्यात.

हिवाळ्यात धुळे-नंदुरबारकडे आणि विशेषतः तोरणमाळवर पहाटेचा गारठा बोचरा असतो. गारठ्यात बॅटरी लवकर संपल्यासारखी दिसते, पण आतल्या खिशात ठेवून ऊब दिली की पुन्हा चालते. सारंगखेड्याच्या यात्रेत डिसेंबरमध्ये पहाटेचे घोडे टिपताना दोन बॅटऱ्या खिशात आळीपाळीने फिरवणे पुरते. त्याच खिशात नाणी किंवा किल्ल्या नसाव्यात.

विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या केबिनमधल्या बॅगेत न्याव्यात, सामानात टाकलेल्या बॅगेत त्यांना परवानगी नसते. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि वर दिलेल्या बॅटऱ्या १३ ते १७ च्या दरम्यान असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. मात्र वॅट-तास छापलेलेच नसतील तर तपासणीच्या रांगेत वाद होतो. बिननावाची बॅटरी न घेण्याचे हेही एक कारण.

वहीत ६० टक्क्यांच्या खाली आलेली बॅटरी मी आता कामाच्या बॅगेत ठेवत नाही. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ती अंगणातल्या कोपऱ्यात, वाळूने भरलेल्या जुन्या माठात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आणि आयातदारावर आहे आणि घरच्या कचऱ्यात त्या न मिसळण्याची जबाबदारी आपल्यावर. घंटागाडीत टाकलेली बॅटरी दाबयंत्राखाली फुटते आणि गाडी पेटू शकते. माठ भरत आला की मी त्या बॅटऱ्या ई-कचरा घेणाऱ्याकडे पोहोचवतो आणि वहीतल्या त्या क्रमांकांवर आडवी रेघ मारतो.